विहिरीची हद्द

बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यात सुलतानपूर हे आमचे गाव आहे. आकाशातून कोसळलेल्या अशनीने काळ्या कातळात पाडलेले सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे लोणारचे विवर पाहावयास देशोदेशीचे लोक येतात. आमच्या गावाची त्यांना ओळख होते ती धावत्या मोटारीच्या खिडकीतून दिसलेल्या पाटीपुरती. त्याबद्दल आमची काही तक्रार नाही. गावाच्या कडेला, जेथे वस्ती संपते आणि शेते सुरू होतात तेथे, आमचे घर आहे आणि घरामागील अंगणात एक जुनी विहीर आहे. ती माझ्या पणजोबांच्या वेळची, असे घरात सांगतात. गेल्या वर्षी आम्ही या घराला दोन खोल्या वाढविल्या. बांधकाम तसे लहानच. पण त्या दोन खोल्यांनी मला माझ्याच अंगणाविषयी जेवढे शिकविले, तेवढे तीस-पस्तीस वर्षे शाळेत शिकविताना मी स्वतः शिकलो नव्हतो.

खोल्यांची गरज खरी होती. मुलगा आणि सून नोकरीच्या निमित्ताने परत गावी राहावयास आली. नातवंडांना अभ्यासाला जागा पुरेना. धाकटी नात स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून भागाकार करी आणि फोडणीचे तेल तिच्या वहीवर उडे. घर वाढवावयाचे तर कोणीकडे? पुढे रस्ता, पश्चिमेला शेजाऱ्यांची भिंत, पूर्वेला आमचा पडका गोठा आणि मागे विहीर. घराच्या मागील भिंतीपासून विहिरीच्या काठापर्यंत २४ फूट जागा मोकळी होती. पहिला आराखडा आला, त्यात १८ फूट लांबीच्या दोन खोल्या मागे काढलेल्या होत्या. विहीर आणि भिंत यांच्यामध्ये ६ फुटांची बोळकांडी उरत होती. कागदावर ती ऐसपैस दिसत होती.

घरात त्याहून निराळेही एक मत होते, आणि ते सरळ होते : विहीर बुजवावी. नळ आला, कूपनलिका झाली. पोहरा कोणी टाकत नाही. मग मधोमध हा खड्डा कशासाठी? हे मत अडाणीपणाचे म्हणता येणार नाही. गावोगाव कितीतरी विहिरी अशा बुजल्या आहेत. ज्या बुजल्या नाहीत त्यांपैकी पुष्कळशा कचऱ्याचे डबे होऊन बसल्या आहेत, आणि उघड्या, कठडा नसलेल्या विहिरीत गुरे आणि मुले पडल्याच्या बातम्या आपण वाचतो. तेव्हा विहीर ठेवावयाची तर ती का ठेवावयाची, हे सांगण्याची जबाबदारी ठेवणाऱ्यावरच होती.

माझ्या आईने वाद घातला नाही. ती विहिरीच्या पश्चिम काठावर गेली आणि तिने तेथल्या एका मोठ्या दगडावर हात ठेवला. त्या दगडावर दोरांनी पडलेल्या खाचा आहेत. बोट घातले तर पहिले पेर सहज बुडते. काथ्याचा मऊ दोर आणि काळा पाषाण. पण वर्षानुवर्षे एकाच जागी घासून दोराने पाषाणाला खाच पाडली. त्यांतल्या काही खाचा १९७२ सालच्या आहेत.

त्या वर्षी मी साधारण तुमच्याच वयाचा होतो. आधीचा पावसाळा बेताचा गेला होता आणि १९७२ चा तर पार बुडाला. महाराष्ट्रातील गावेच्या गावे खडी फोडण्याच्या आणि रस्ते, तलाव बांधण्याच्या कामावर गेली. दुकानात लाल मिलो मिळे. त्याच्या भाकरीची चव ज्यांनी घेतली ते ती विसरले नाहीत आणि कोणी आवडीने आठवतही नाही. उन्हाळ्यात आमच्या भागातील विहिरी एकामागून एक आटल्या. आमच्या विहिरीच्या तळाशी मात्र एक झरा तग धरून होता. रात्रभर पाझरून सकाळी कमरेइतके पाणी साठे. आजोबांनी मागचे कुंपण तोडून गावाच्या बाजूने वाट केली आणि पहाटेपासून त्या वाटेवर घागरींची रांग लागू लागली.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यापूर्वी त्या विहिरीच्या काठावर सर्वांना येता येत नव्हते. काही घरच्या बायका दूर उभ्या राहत आणि कोणीतरी वरून त्यांच्या घागरीत पाणी ओती. महात्मा फुले यांनी पुण्यातील आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना १८६८ साली खुला केला होता. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह ओंजळीत घेतले होते. स्वतंत्र भारताच्या संविधानाने अस्पृश्यता नष्ट केली होती. तरी आमच्या विहिरीच्या काठापर्यंत हे सारे पोचावयास दुष्काळ यावा लागला. त्या उन्हाळ्यात ज्याच्या हातात दोर, तो काठावर. पावसाळा आल्यावर ती जुनी रीत कोणी परत आणली नाही. मागील वाट तशीच राहिली. आजही शेजारपाजारची माणसे गणपती बुडवावयास किंवा वीज नसली की पाण्याला त्याच वाटेने येतात. पहिल्या आराखड्यातील ६ फुटांची बोळकांडी ती हीच वाट.

विहीर बुजवू नये, हे आईच्या हाताने ठरले. पण विहीर ठेवून तिच्या शेजारी बांधावयाचे कसे, हा प्रश्न शिल्लक राहिला, आणि तो भावनेने सुटणारा नव्हता.

आमच्याकडे जुनी माणसे गावच्या जमिनीचे दोन भाग सांगतात : काळी आणि पांढरी. काळीत पीक घ्यावे, पांढरीत वस्ती करावी. पांढरी म्हणजे गावठाण. पिढ्यान्‌पिढ्यांची घरे पडून आणि पुन्हा उभी राहून, चुलींची राख, भिंतींची माती मिसळून ती जमीन फिकट झालेली असते. काळी म्हणजे कापसाची जमीन. ही विभागणी केवळ रंगाची नव्हे, त्यात बांधकामाचे शहाणपण आहे. काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उन्हाळ्यात आमच्या शेतात पडलेल्या भेगांत लहान मुलाचा हात कोपरापर्यंत जातो. आषाढात त्याच भेगा अशा मिटतात की जागा सापडू नये. अशा जमिनीवर उथळ पायाचे घर बांधले तर ते घर पावसाळ्यात वर उचलले जाते आणि उन्हाळ्यात खाली बसते. सगळे घर एकदम वरखाली झाले तर एक वेळ चालेल. पण एक कोपरा ओला आणि दुसरा कोरडा असला, म्हणजे भिंतींना खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरप्या भेगा जातात. विहिरीपाशी नेमके हेच होते. सांडलेल्या पाण्याने काठाकडची माती ओली राहते आणि चार पावलांवरची कडकडीत वाळते.

आमचे घर गावाच्या कडेला असल्यामुळे त्याचे पुढचे दार पांढरीत आहे आणि मागचे अंगण काळीत. पणजोबांनी घर जेथे थांबविले, तेथे ते का थांबविले, हे मला तेव्हा उमगले.

गवंडी आले ते आमच्याच गावातील, वयाने माझ्याहून वडील. त्यांनी आराखडा पाहिला नाही. त्यांनी आरसा मागितला. सूनबाईने खोलीतील आरसा आणून दिला. दुपारचे ऊन होते. त्यांनी आरशात ऊन धरून त्याचा कवडसा विहिरीत सोडला आणि तो हळूहळू भिंतीवरून गोल फिरविला. वरून डोकावल्यास जी विहीर नुसती काळोखी दिसते, तिचा एकेक दगड त्या कवडशात उजळू लागला. सांध्यांतील शेवाळ, एका फटीतून डोके काढणारे उंबराचे रोप, खोबणीत घरटी केलेले पारवे. कवडसा अंगावर येताच ते फडफडत वर आले आणि नात दोन पावले मागे सरली. मग गवंड्यांनी दर तीन फुटांवर गाठ मारलेला दोर दगड बांधून खाली सोडला. विहीर एकंदर १४ गाठींची, म्हणजे ४२ फूट खोल भरली. दगडी बांधणी चार गाठी ओलांडून एक फूट गेली होती : १३ फूट. त्याखाली बांधणी नव्हती, कारण तेथून खडक लागत होता.

पश्चिम महाराष्ट्रापासून विदर्भापर्यंत आपल्या राज्याचा बहुतेक भाग सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखींतून वाहून आलेल्या लाव्हारसाच्या थरांनी बनलेला आहे. थरावर थर. आमच्या विहिरीत उतरताना ही पोथी पानापानाने उलटता येते. वर साडेचार फूट काळी माती, तिच्याखाली १३ फुटांपर्यंत पिवळसर मुरूम, मग ज्याला आमचे वडार लोक मांजऱ्या म्हणतात तो सच्छिद्र, त्यामानाने मऊ खडक आणि तळाशी काळा पाषाण. पाणी धरतो तो मुख्यतः मांजऱ्या आणि फुटलेला खडक. अखंड काळा पाषाण पाणी देत नाही, त्याच्या भेगा तेवढ्या देतात. खडक स्वतःच्या बळावर उभा राहतो, म्हणून त्याला बांधणी लागत नाही. माती आणि मुरूम ढासळतात, म्हणून तेवढ्याच भागाला दगडांचे कडे घातलेले असते.

आणि हे कडे गोलच का? गवंड्यांनी नातीला बांगडी काढावयास सांगितली. काचेची बांगडी दोन्ही तळहातांत धरून तिच्याभोवती सगळीकडून सारखा दाब दिला तर ती सहज टिकते. तीच बांगडी जमिनीवर उभी करून एका बाजूने दाबली की तडकते. विहिरीभोवतीची माती कड्याला चहूबाजूंनी आत ढकलत असते. प्रत्येक दगड शेजारच्या दोन दगडांवर रेलतो आणि त्या रेलण्यानेच सगळे कडे घट्ट होते. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. नुसते घडीव दगड एकमेकांस टेकलेले. परंतु ही सारी करामत दाब सारखा आहे तोवर. एका बाजूला घराचे ओझे आले की ती बाजू आत येऊ लागते.

“गुरुजी, इहीर जित्ती हाये,” गवंडी म्हणाले. “तिच्या आंगावर वझं टाकू नका.”

ओझे अंगावर येते ते कसे, हे तालुक्याच्या ठिकाणाहून आलेल्या तरुण अभियंत्याने कागदावर दाखविले. भिंतीचा भार पायाखाली सरळ विहिरीसारखा खोल उतरत नाही. तो खाली जाता जाता बाजूंना पसरतो, जशी वाळूची रास पायथ्याशी पसरते. पायाच्या तळापासून एक तिरपी रेघ विहिरीच्या दिशेने काढावी. मऊ, चिकण जमिनीत ती रेघ एक फूट खाली उतरताना दोन फूट पुढे जाते असे समजून चालावे. ती रेघ जर विहिरीच्या बांधणीला वरच्या वर भेटली, तर घराचा भार बांधणीवर येणार. बांधणी संपून खडक लागतो तेथे किंवा त्याच्याही खाली पोचली, तर धोका नाही. आमचा पाया काळी माती ओलांडून मुरुमात, ५ फुटांवर जाणार होता. बांधणी १३ फूट. मधले अंतर ८ फूट. आठ दुणे सोळा. म्हणून विहिरीच्या काठापासून निदान १६ फूट जागा सोडली पाहिजे. गवंड्यांना आम्ही विचारले, तर त्यांचे गणित निराळे होते : बांधणी जेवढी खोल तेवढी जागा आणि वर एक पुरुष. विहिरीची खोली पुरुषांत मोजण्याची आमच्याकडे जुनी रीत आहे; एक पुरुष म्हणजे उभ्या माणसाची उंची. तेरा फूट आणि एक पुरुष मिळून साडेअठरा फूट झाले. दोन्ही उत्तरे ऐकून मी मोठे ते घेतले. अभियंताही त्याला राजी झाला; जुन्या बांधणीची अवस्था वरून पुरती कळत नाही, तेव्हा जास्त जागा सोडलेली बरी, असे तो म्हणाला.

या हिशेबात पहिल्या आराखड्यातील ६ फुटांची बोळकांडी कोठेच बसत नव्हती.

मग मधला मार्ग निघाला. बुजवू नका, नुसती वरून काँक्रीटची लादी टाका; विहीर खाली राहील, अंगण वर मिळेल. हा मार्ग मला सर्वांत भयंकर वाटला, आणि त्याचे कारण फार जुने नाही. ३० मार्च २०२३ रोजी, रामनवमीच्या दिवशी, इंदूर शहरात एका मंदिराच्या आवारात पूजेसाठी लोक जमले होते. त्यांच्या पायांखाली एक जुनी पायविहीर होती. तिच्यावर लादी टाकून जागा वाढविण्यात आली होती. तेथे बसलेल्यांच्या डोळ्यांना फक्त जमीन दिसत होती. लादी खचली आणि ३६ माणसे मृत्युमुखी पडली. उघड्या विहिरीची माणसाला भीती वाटते आणि ती भीतीच त्याला सावध ठेवते. झाकलेली विहीर ही भीती काढून घेते. धोका तेवढा तसाच ठेवते. वर्षे जातात, ज्यांनी झाकली ती माणसे जातात आणि खाली विहीर आहे हेच कोणाला ठाऊक राहत नाही.

बुजविलेल्या विहिरीचेही तसेच. राडारोडा टाकून भरलेला खड्डा अनेक वर्षे खाली बसत राहतो; त्यावर भिंत घातली तर तीही त्याच्याबरोबर बसते. शिवाय खाली झऱ्यांना कुंपण नसते. आपण आपल्या विहिरीत टाकलेली घाण शेजाऱ्याच्या पोहऱ्यात वर येऊ शकते.

विहिरीपाशी किंवा विहिरीवर बांधूच नये, असा मात्र याचा अर्थ कोणी घेऊ नये. साताऱ्याजवळ लिंब येथे शाहू महाराजांच्या काळातील बारा मोटेची विहीर आहे. वीरूबाई भोसले यांनी १७१९ ते १७२४ या काळात ती बांधविली. ५० फूट व्यासाची आणि ११० फूट खोल अशी ती अष्टकोनी विहीर पाहावयास उतरलेल्या माणसाला विहिरीच्या अंगातच बांधलेला एक लहानसा महाल लागतो. तीनशे वर्षे तो उभा आहे. पण तेथे विहीर आणि महाल एकाच मनाने, एकाच वेळी, एकमेकांचा भार ओळखून बांधलेले आहेत. आमच्या लोणारलाही लिंबी बारव आहे, आणि जिजाऊंच्या जन्मगावी, सिंदखेडराजा येथे, शिल्पांनी नटलेली पुतळा बारव आहे. दोन्ही जवळच आहेत. शाळेच्या सहली सरोवरावर आणि राजवाड्यावर येतात आणि बारवांना पाठ दाखवून परततात, याचे मला नेहमी वाईट वाटते. पाण्यापर्यंत पायऱ्या कशा नेल्या, दगडाला दगड कसा बसविला, हे तेथे हात लावून पाहता येते.

आरशाच्या कवडशात गवंड्यांना आणखी एक गोष्ट दिसली होती. पूर्वेच्या बाजूला दहा फुटांखाली बांधणीला पोट सुटले होते. सात-आठ दगड बोटभर पुढे आले होते. त्या बाजूला पूर्वी मोट होती. बैलांची धाव तेथेच होती. भरलेली मोट ओढीत बैल त्या उतारावरून शेकडो वेळा गेले-आले, थारोळ्यातील पाणी सांडत राहिले आणि मातीने हळूहळू दगडांना पुढे रेटले. मोट बंद होऊनही कित्येक वर्षे झाली. विहिरीने ते ओझे अजून लक्षात ठेवले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल. पण मला तसे वाटले खरे.

घराच्या कामाआधी विहिरीचे काम झाले. चैत्रात पाणी खाली गेलेले असताना दोन कारागीर कमरेला दोर बांधून पाळण्यातून उतरले. उतरण्यापूर्वी गवंड्यांनी पेटता कंदील खाली सोडला. जुन्या विहिरीच्या तळाशी दूषित हवा साचते. दिवा विझला तर माणसाने उतरू नये, ही जुनी खूण आहे. ती चांगली असली तरी पुरेशी नाही, कारण काही विषारी वायूंत दिवा जळत राहतो आणि माणूस बेशुद्ध पडतो. म्हणून अभियंत्याने हवा तपासण्याचे यंत्रही लावले आणि वर चार माणसे दोर धरून उभी केली. मुलांनी विहिरीत उतरण्याचे धाडस कधीच करू नये. कारागिरांनी उंबराचे रोप मुळासकट काढले, पुढे आलेले दगड सोडविले आणि भिंतीत खोल शिरतील असे लांब दगड मध्ये घालून ते पुन्हा बसविले.

त्या वेळी मी सुचविले, की आता आतून सिमेंटचा गिलावा करून टाकावा का? गवंड्यांनी मान हलविली. पावसाळ्यात विहिरीबाहेरची माती पाण्याने गच्च होते. कोरड्या बांधणीच्या फटींतून ते पाणी आत झिरपते आणि दाब मोकळा होतो. फटी बुजविल्या की पाणी दगडांमागे कोंडते आणि त्याच्या रेट्याने गिलाव्यासकट भिंत आत येते. पंपाने विहीर एकदम उपसली असता बांधणी ढासळते, त्याचेही कारण हेच : आतील पाण्याचा आधार क्षणात जातो आणि बाहेरची ओली माती तेवढीच जड राहते. ज्या फटींना आपण जीर्णपणा समजतो, त्याच विहिरीचा श्वास असतात.

खोल्या शेवटी पूर्वेकडे, पडक्या गोठ्याच्या जागी झाल्या. विहिरीपासून त्यांची सर्वांत जवळची भिंत २२ फुटांवर आहे. काळी माती पूर्ण उकरून पाया मुरुमात नेला, जोत्याखाली मुरुमाचीच भर घातली, सर्व खांब जोत्यापाशी लोखंडी सळयांच्या पट्ट्याने एकमेकांस बांधले आणि पावसाचे पाणी पायापाशी मुरू नये म्हणून सभोवती फरसबंदी केली. घराच्या मागे साडेपाच फुटांची ओसरी निघाली, तिला भिंत नाही, नुसते लाकडी खांब. संडासाचा शोषखड्डा विहिरीपासून निदान १५ ते १८ मीटर दूर असावा लागतो, आणि आमच्यासारख्या भेगाळ खडकात त्याहून अधिक असेल तर उत्तम. कारण भेगेतून घाण पाणी गाळले न जाता लांबवर धावते. तो आम्ही रस्त्याच्या बाजूला, घराच्या दुसऱ्या टोकाला नेला. त्यासाठी नळ लांब घालावे लागले आणि खर्च वाढला. मुलाने त्याबद्दल चार दिवस तोंड फुगविले; पाचव्या दिवशी तोच मजुरांना शोषखड्ड्याचे अंतर फीत लावून मोजून दाखवीत होता.

विहिरीला कमरेइतका कठडा झाला आणि तोंडावर लोखंडी जाळी बसली. जाळीला एका बाजूस पारव्यांपुरती मोकळीक ठेवावी, हा नातीचा हट्ट. दोराच्या खाचांचा दगड कठड्यात घेतला नाही. तो मागील वाटेच्या बाजूला होता तसाच आहे.

नव्या खोल्यांच्या छताचे पाणी आम्ही पन्हळीने एका खड्ड्यात आणले. खड्ड्यात खडी, बारीक खडी आणि वाळू असे थर आहेत. त्यांतून गाळलेले पाणी नळाने विहिरीत जाते. पहिल्या एकदोन पावसांचे पाणी धुळीचे असते, ते बाहेर सोडून द्यावे लागते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते, हे मी शाळेत अनेकदा फळ्यावर लिहिले आहे. आता उदाहरण घरचे मिळाले. आमचे छत ३१ चौरस मीटर. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला तर २१,७०० लिटर. त्यांतील पाचवा भाग उडून सांडून गेला असे समजले, तरी १७,००० लिटरांहून अधिक पाणी उरते. विहिरीचा व्यास ११ फूट. हे पाणी तिच्यातच राहिले असते तर पातळी सुमारे दोन मीटर चढली असती. ते तेथेच राहत नाही, हे उघड आहे. ते खडकाच्या भेगांतून शेजाऱ्यांच्या विहिरींकडेही जाते. नातीने हे गणित केले आणि शेजाऱ्यांकडून किती पाणी आपल्याकडे येते, ते कसे मोजावयाचे, असा प्रश्न मला विचारला. मी तिला गाठींचा दोर दिला.

दर रविवारी ती जाळीचे दार उघडून, वडील माणूस शेजारी उभे असताना, दोर सोडते आणि कोरड्या गाठी मोजते. वही नव्या खोलीत खिळ्याला टांगलेली आहे. वैशाखातील शेवटची नोंद अकरा गाठींची आहे. पुढे मृगात एक-दोन सरी पडल्या, तरी आकडा हलला नाही. मग आषाढात दहा, नऊ असे आकडे उतरत गेले. गेल्या रविवारची नोंद अशी : “आठ गाठी कोरड्या. वाटेवर दोन घागरी. पारव्याची दोन पिल्ले उडाली.”